इंग्लंड आलं ते प्रेमाबाईच्या घरी

प्रिय नागम्मा,

तेरहून तुझ्या म्हाळसाचा तुला भरभरून नमस्कार, भावजींना पदर सावरून नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण मागच्या फोनवर तू त्याच्याबद्दलच जास्त बोललीस. तेल चोळतेस ना? आमच्याकडं सगळे बरे आहेत. ह्यांची साखर ताब्यात आहे असं ह्यांचं म्हणणं आहे (डॉक्टरांचं तसं नाही). माझी तब्येत छान. दाढ तेवढी दुखते, पण ती तू फोटो पाठवलास त्या दिवसापासून दुखते, त्यामुळं ती दाढच आहे का याबद्दल मला शंका आहे.

फोटो मिळाला. तुझ्या गॅलरीतून दिसणारं ते अर्धवट बांधलेलं स्टेडियम, त्याच्या डोक्यावरच्या क्रेन, आणि कोपऱ्यात तुझा चहाचा कप (तो चुकून आलेला नाही, हे मला कळतं). खाली तू लिहिलंस की तुमच्या शहरात जगभरचे खेळाडू येणार, आणि ते सगळं तुला खुर्चीतून न उठता दिसणार. वर विचारलंस की भावजी म्हणतात हा सगळा पैसा पाण्यात जाणार, तुला काय वाटतं? नागम्मा, मला तुझा हेवा वाटत नाही, हे सुरुवातीलाच लिहून टाकते, म्हणजे पुढं वाचताना तुझा गैरसमज नको. शाळेत वक्तृत्वाचं पदक तुला मिळालं तेव्हाही वाटला नव्हता. पण विचारलंस ते योग्य माणसाला. आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवणं परवडतं का, यावर अनुभवानं बोलू शकेल अशी तुझ्या ओळखीत मी एकटीच असेन, कारण गेल्या हिवाळ्यात आम्ही तेरला एक भरवली. सविस्तर लिहिते. चष्मा लाव आणि गुडघा उशीवर ठेव.

तुला माहीत आहे, आमच्या जिल्ह्यातल्या मुली खो-खो खेळायला लागल्या की वाऱ्याला सापडत नाहीत. (आपणही खेळायचो. सिस्टर अगाथांनी घड्यांचे स्कर्ट फाटतात म्हणून बंद केलं आणि आपल्या हातात थ्रोबॉल दिला. तो मला अजून झेलता येत नाही.) इथं शाळेत शिवशंकर सर म्हणून खेळाचे मास्तर आहेत. त्यांच्या हाताखालच्या मुली कुठं कुठं जाऊन ढाली आणतात. त्यांची कुठल्याशा संघटनेत ओळख निघाली, त्या संघटनेला महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा एखाद्या ऐतिहासिक गावात भरवायची होती, आणि आमचं गाव ऐतिहासिक आहे हे तर पाटीवरच लिहिलेलं आहे. सरपंच माणिकप्पांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की दोन हजार वर्षांमागं रोमचे व्यापारी तेरला येत होते, मधे जरा खंड पडला, आता पुन्हा सुरू करू. टाळ्या पडल्या. हे तिथं वर्गणीत आपलं नाव सगळ्यांत वर घालून आले, आणि घरी येऊन म्हणाले, एवढे पैसे आणायचे कुठून? खर्चाच्या बाबतीत माणसं कधी शहाणी असतात ते मला नीट ठाऊक आहे: घरी आल्यावर.

आता मी या सगळ्यात का पडले, ते तुला म्हणून सांगते. मला त्या स्पर्धेकडून एकच गोष्ट हवी होती. माझ्याशी कुणीतरी इंग्रजीत बोलावं. हसू नकोस. तू शहरात पडलीस, तुझं इंग्रजी रोज हवा खातं. मी कॉन्व्हेंटमधून निघाले ती दोन वर्षांत तेरला, आणि तेव्हापासून माझं इंग्रजी पेटीतल्या शालूसारखं घडी घालून ठेवलेलं आहे. अधूनमधून ऊन दाखवते तेवढंच, म्हणजे धार काढताना म्हशीशी बोलते. ती शांतपणे ऐकून घेते. घरातले तिला मॅडम म्हणतात. नातीशी, आरोहीशी, व्हिडिओ कॉलवर एकदा चांगली चार वाक्यं बोलले, तर ती पुण्याहून म्हणाली, "आजी, तू मराठीतच बोल ना, मला पटकन कळतं." मी मराठीत बोलले. फोन ठेवल्यावर गोठ्यात गेले.

म्हणून परदेशी मुली गावात घरोघरी उतरणार हे ठरलं, तेव्हा मी आतून किती हलले ते कुणाला कळलं नाही. आमच्याकडं हॉटेल कुठलं आलंय. संघटनेची अट एकच होती: ज्या घरी पाहुण्या उतरतील त्या घरात बसायचा संडास, म्हणजे कमोड हवा. झालं. आमच्या आळीत जी कमोडची लाट आली ती काय सांगू. ट्रॅक्टरमधून पेंढ्यात गुंडाळून पांढरे शुभ्र कमोड येत होते आणि माणसं ओसरीवर उभी राहून नवी सून उतरावी तसं बघत होती. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आम्ही फार पूर्वी एक बसवलेला होता, त्यामुळं मी निवांत होते. गावात कमोड माझा पहिला, इंग्रजी माझं एकटीचं, तेव्हा इंग्लंडचा संघ आणखी कुठं उतरणार? तेवढ्यात माझी धाकटी जाऊ प्रेमाबाई हिनं भिंतीपलीकडं आकाशी रंगाचा कमोड बसवला. आकाशी. वर झाकणावर फुलं. (आमच्या म्युझियममध्ये रोमची खापरं मांडून ठेवली आहेत. आणखी दोन हजार वर्षांनी कुणी तेर खणलं तर त्याला कमोडच कमोड सापडतील, आणि इथले लोक बसून कशाची तरी उपासना करत असावेत असा प्रबंध तो लिहील.)

कुणाकडं कुठला देश, यावरून भांडणं नकोत म्हणून माणिकप्पांनी मारुतीच्या देवळात चिठ्ठ्या टाकल्या. शेंदूर लागलेल्या तांब्यात घरटी तिघी या हिशेबानं प्रत्येक देशाच्या चार-पाच चिठ्ठ्या घातल्या आणि घरटी एकेकानं एक काढायची. आम्ही बायका पारावर बसलो होतो. ह्यांनी हात घातला आणि ब्राझील काढलं. दिरांनी हात घातला आणि इंग्लंड काढलं. नागम्मा, मी कुणाचं वाईट चिंतत नाही, पण त्या क्षणी मी मारुतीकडं ज्या नजरेनं पाहिलं तशी नजर कुणी देवाकडं लावू नये. ह्यांना विचारलं, थोडा खालून हात घालता आला नाही का? हे म्हणाले, खाली श्रीलंका असती तर?

तरी मी हार मानली नाही. संध्याकाळी वाटीभर लोणचं घेऊन भिंतीपलीकडं गेले. प्रेमाबाई तांदूळ निवडत होती. मी अगदी सहज म्हणाले, प्रेमा, तुला त्यांच्याशी बोलायला अवघड जाईल, आपण अदलाबदल करू, ब्राझीलच्या मुली काय, कमीच बोलतात म्हणे. ती मान वर न करता म्हणाली, "अक्का, मारुतीनं दिलेला पाव्हणा बदलत्यात व्हय? उद्या लेकरूबी बदलून मागचाल." मी म्हणाले, पण बोलणार कशी? ती म्हणाली, "जेवाय वाढायचंय, कोर्टात थोडंच जायचंय." लोणच्याची वाटी तिनं ठेवून घेतली.

मग त्या आल्या. स्टेशनपासून लेझीम, हलगी, फेटे, आणि प्रत्येकीच्या कपाळाला एवढं कुंकू की उन्हात ते नाकावर ओघळलं. माझ्या वाट्याच्या ब्राझीलच्या तिघी गोड होत्या, त्यात खोट नाही. पण त्यांना इंग्रजीचा गंध नाही. त्या फोन पुढं करायच्या, त्यात आपण मराठी बोलायचं, मग फोन त्यांच्या भाषेत बोलणार. मी आदल्या रात्री आरशापुढं तयार केलेलं स्वागताचं इंग्रजी वाक्य बोलले, तिन्ही काळ सांभाळून, तर फोन गप्प. पुन्हा बोलले. फोननं त्यांना काहीतरी सांगितलं आणि तिघी घाबरून खाटेखाली बघायला लागल्या. शेवटी मी वैतागून म्हणाले, चहा घ्या गं बायांनो. फोन लगेच घडाघडा बोलला आणि त्यांचे चेहरे फुलले. म्हणजे बघ, आयुष्यात एकदा परदेश माझ्या ओसरीवर आला, आणि त्यालाही माझी मराठीच हवी होती.

आणि भिंतीपलीकडं काय चाललं होतं? हसणं. सकाळपासून रात्रीपर्यंत हसणं. इंग्लंडची कप्तान रूथ म्हणून होती, उंच, कुरळ्या केसांची, तिच्याबरोबर आणखी दोघी. प्रेमाबाई त्यांच्याशी खुशाल इथल्या मराठीत बोलायची आणि त्या खुशाल इंग्रजीत उत्तरं द्यायच्या, आणि दोन्ही बाजूंचं समाधान व्हायचं. मी गच्चीवर पापड वाळत घालायला जायची (पापडाचा हंगाम नव्हता, तेव्हा तू विचारू नकोस) आणि ऐकायची. रूथ म्हणायची की इथलं आकाश किती मोठं आहे. प्रेमाबाई म्हणायची, "घे की अजून, लाजतीस काय." दोन दिवसांत रूथ भाकरी थापायला शिकली, तिसऱ्या दिवशी प्रेमाबाईला मम्मा म्हणायला लागली, आणि चौथ्या दिवशी मला दारात बघून म्हणाली, "अक्का, लई भारी." इतकी वर्षं जपलेल्या माझ्या इंग्रजीला इंग्लंडनं दिलेलं उत्तर ते एवढं.

उपांत्य सामन्यात इंग्लंड आणि ब्राझील समोरासमोर आले. म्हणजे ती भिंतीपलीकडची आणि मी. आळीत दोन तट पडले. आमच्या हौदावर कुणीतरी ब्राझीलचा झेंडा रंगवला, त्यात मधला गोळा पोळीएवढा झाला. सामना झाला की जो संघ हरेल त्याची गाडी मैदानावरूनच विमानतळाकडं निघणार होती. आता घरची लेक निघाली तर ओटी न भरता कशी जाऊ द्यायची? आळीत सगळ्यांत वडील सिताबाई. लग्न न झालेल्या मुलींची ओटी भरावी का, यावर बायकांत वाद झाला, तेव्हा त्यांनी निकाल दिला की समुद्रापलीकडं जाणारी लेक सासरीच निघाली समजायची. प्रेमाबाईनं ठरवलं होतं की सामना संपला की गाडीजवळ त्यांची ओटी भरायची. ते मला कळलं. आणि मला वाटलं, प्रेमाबाई ओटी भरेल, पण ती समजावून कोण सांगणार? तांदूळ का, नारळ का, खण का, हे त्या पोरींना इंग्रजीत सांगू शकेल असं तेरमध्ये एकच माणूस होतं. ही माझी वेळ होती, नागम्मा. मी ती गमावणार नव्हते.

सामन्याच्या सकाळी इंग्लंडचा सगळा संघ न्याहारीला प्रेमाबाईच्या अंगणात जमला होता आणि ती चुलीत गुंतली होती. मी खण, नारळ, तांदूळ आणि तेवढ्या ओढण्या घेऊन गेले (त्यांच्या त्या अर्ध्या चड्ड्यांना पदर कुठला). मुलींना ओळीनं पाटावर बसवलं, ओट्या भरल्या, प्रत्येकीच्या कमरेला ओढणीची गाठ मी माझ्या हातानं मारली. आणि मग बोलले. सिस्टर अगाथा असत्या तर पदक परत मागवून मला दिलं असतं. मी म्हणाले की ही भेटवस्तू नाही. तुमची कूस, तुमचं घर, तुमचा हात कधी रिकामा राहू नये म्हणून या घरानं दिलेली ही इच्छा आहे. आणि आमच्यात लेक ही ओटी घेऊन निघते ती घरी पोचेपर्यंत वाटेत कुठंही जमिनीवर ठेवत नाही, कुणाच्या हातातही देत नाही. सगळ्या पोरी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. रूथचे डोळे भरले. ती म्हणाली की तुम्ही किती सुंदर इंग्रजी बोलता, अगदी माझ्या आजीसारखं. त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागावर मी महिनाभर जगले. दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. आपल्या मुलींना असं सांगितलं तर त्या हो म्हणतात आणि मैदानाच्या कडेला पिशवीत ठेवून खेळायला जातात. या मुलींना सगळं पहिल्यांदाच कळत होतं, आणि फार चांगलं कळलं होतं. माझं इंग्रजी उभ्या आयुष्यात एकदा पूर्णपणे समजलं गेलं, ते त्या सकाळी.

दुपारी इंग्लंडचा संघ मैदानात उतरला तो कमरेला नारळ बांधून. पाठलाग करणाऱ्या मुली चौकांत बसल्या, एक इकडं तोंड करून, एक तिकडं, आणि प्रत्येकीच्या मांडीवर ओटी. बाहेरून आलेल्या मुख्य पंचांनी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात नखं, बांगड्या, कानातलं सगळं होतं, नारळ नव्हता. त्यांनी रूथला विचारलं. रूथनं माझं सगळं भाषण जसंच्या तसं त्यांना ऐकवलं. (पाठ केलं होतं पोरीनं. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.) पंचांनी आपल्या जोडीदाराकडं पाहिलं. ते अक्कलकोटकडचे गुरुसिद्धप्पा. हातात शिट्टी, पायात पांढरे बूट, पण पाच बहिणींचे भाऊ. ते एवढंच म्हणाले की नियमाचं मला माहीत नाही साहेब, पण खाली ठेवा म्हणायला माझी जीभ उचलणार नाही. मग पंचांनी सुचवलं की ज्यांनी दिली त्या बाईंकडं तेवढ्यापुरती द्या. त्याबरोबर बायकांच्या बाजूनं असा आवाज उठला की त्यांनी पुस्तक मिटलं. भरलेली ओटी देणाऱ्याच्या हातात परत? असलं कुणी मनातही आणत नाही. सामना सुरू झाला.

थोडा वेळ बरा गेला. मुली एका हातानं नारळ धरून पळत होत्या. मग रूथला माझ्या ब्राझीलची एक पोरगी टप्प्यात दिसली आणि तिनं सूर मारला. माझी गाठ सुटली. नारळ मैदानभर गडगडत गेला आणि खांबाला जाऊन फुटला, खण वाऱ्यावर उडाला, आणि तांदूळ सगळ्या मॅटवर पसरले. आता तांदूळ सांडल्यावर कुणी बसून राहील का? पाय पडेल त्याच्यावर, ओटीचा तांदूळ तो. सिताबाई काठी टेकत मैदानात उतरल्या, त्यांच्यामागं आळी, आळीमागं अख्खं गाव. पंच शिट्ट्या मारत होते. शिवशंकर सर लाऊडस्पीकरवर धावतं वर्णन करत होते, ते घसा खाकरून म्हणाले, प्रेक्षकांनी शांतता राखावी, तांदूळ वेचणं चालू आहे. ब्राझीलच्या मुली गुडघ्यावर बसल्या आणि वेचायला लागल्या. मग श्रीलंका उतरली. वर देशादेशांचे झेंडे फडफडत होते आणि खाली सगळं जग माझ्या गाठीचे तांदूळ वेचत होतं. प्रेमाबाई माझ्याजवळ येऊन ओणवी झाली आणि वेचता वेचता हळूच म्हणाली, "अक्का, गाठ मारायची तर निरगाठ मारायची. वेणी न्हाय ती."

इंग्लंड हरलं. ब्राझीलच्या तिघी येऊन माझ्या गळ्यात पडल्या, फोन पुढं करून काहीतरी म्हणाल्या, आणि फोन पुरुषी आवाजात बोलला, "काकू, तुमच्यामुळे विजय." ते सगळ्यांनी ऐकलं. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तिकडं गाडीपाशी रूथ प्रेमाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. माझ्या नाही. वेचलेले तांदूळ प्रेमाबाईनं तिला नव्या नारळासकट पुन्हा बांधून दिले, निरगाठ मारून. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा फोटो आला: तांदूळ वेचणारी रूथ आणि शेजारी प्रेमाबाई. डाव्या कडेला एक कोपर दिसतं. ते माझं आहे. बांगड्यांवरून ओळखशील.

तर आता भावजींच्या प्रश्नाकडं येते. परवडलं का? तूच बघ. मैदानावर उंच दिव्यांचे खांब उभे राहिले, त्यांचं बिल भरवत नाही म्हणून ते फक्त पंधरा ऑगस्टला लागतात आणि गावभरचे किडे तिथं झेंडावंदनाला जमतात. सडक मैदानापर्यंत गुळगुळीत झाली आणि तिथंच संपली. पुढच्या वस्तीतले लोक घरी जाताना गाडीत मैदानापर्यंत झोपतात, तिथून खड्डे उठवतात म्हणे. खेळाच्या मॅटवर सोयाबीन छान वाळतं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर म्हातारे दुपारची झोप घेतात. प्रेमाबाईच्या आकाशी कमोडवर ती कांद्याची परडी ठेवते, कारण तिच्या घरात त्यावर बसायला कुणी तयार नाही. माणिकप्पा म्हणतात गावाचं नाव झालं. झालं खरं. पण नावाला भूक लागत नाही म्हणून बरं, नाहीतर त्यालाही वर्गणीच काढावी लागली असती. शिवशंकर सरांच्या मुलींना मात्र त्या दिवसापासून परदेशाची भीती वाटत नाही. तांदूळ वेचताना त्यांनी परदेश जवळून पाहिला, आणि तो आपल्यासारखाच मान खाली घालून नखानं दाणे उचलत होता. हे मी हिशेबात धरत नाही, कारण मला खर्च वाया गेला हेच सिद्ध करायचं आहे.

आणि माझं काय झालं ते ऐक, म्हणजे खर्चाचा अंदाज पूर्ण होईल. दर रविवारी रूथचा निरोप येतो, फोनवर बोलून पाठवलेला. कुणाला? मम्मा प्रेमाला. प्रेमाबाई तो फोन घेऊन भिंतीपलीकडून माझ्याकडं येते, कारण तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग मी चष्मा लावून ऐकते आणि मराठीत सांगते: तिकडं बर्फ पडलंय, तिनं भाकरी केली ती फाटली, नारळ एअरपोर्टवर काढून घेतला पण तांदूळ उशीत शिवलेत. मग प्रेमाबाई उत्तर सांगते, ते मी इंग्रजीत बोलते. म्हणजे इंग्रजी बोलायला मिळतं का? मिळतं. पण मी आपली विजेची तार. दिवा लागतो तो भिंतीपलीकडं. शेवटी मी माझ्या पदरचं एक वाक्य घालते, की रूथनं अक्कालाही आठवणीनं नमस्कार सांगितलाय. ती तो कधी सांगत नाही. एवढी भर खर्चात धरायला हरकत नाही.

तेव्हा भावजींना सांग, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. असले खेळ भरवू नयेत. पैसा जातो, झोप जाते, सख्ख्या जावेकडं बघायची नजर बदलते. तुमचं स्टेडियम होऊन जाईल, पाहुणे जातील, आणि तू गॅलरीत बसून रिकाम्या खुर्च्या मोजशील. मला तुझी काळजी वाटते, बाकी काही नाही. गुडघ्याला जप. सूनबाईंना आशीर्वाद, आणि लहानग्यांचे गालगुच्चे माझ्या वतीनं तू घे.

तुझी तीच,
म्हाळसा
(सिस्टर अगाथांची मेल्सा)

ता. क. पुन्हा स्पर्धा भरवावी का यावर परवा ग्रामसभा झाली. विरोधात बोलायचं म्हणून मी पहिल्या ओळीत बसले होते. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझा हात स्पर्धेच्या बाजूनं वर गेला. हे माझ्याकडं बघतच राहिले. खांदा आखडला होता, तेवढाच मोकळा झाला, असं मी त्यांना सांगितलं. या वेळी चिठ्ठी मी काढणार.

ता. क. दुसरा. तुमच्याकडच्या खेळांना परदेशी पाहुण्यांशी बोलायला स्वयंसेवक लागतील असं ऐकते. पैसा एवीतेवी वाया जाणारच आहे, तर तो वाया जाताना बघायला जाणतं माणूस जवळ असावं. वयाची अट काय आहे ते जरा गुपचूप विचार. इंग्रजी कसं, असं कुणी विचारलं तर आजीसारखं म्हणून सांग. आणि गॅलरीला लागून असलेली ती खोली आहे ना, ती महिनाभर आधीपासून कुणाला देऊ नकोस. मी पाटावर, सतरंजीवर कशावरही झोपेन.

ता. क. तिसरा. हे पाकिटात घालत होते तेवढ्यात प्रेमाबाई फोन घेऊन आली. कुणाला लिहिताय म्हणून विचारलं, तर सांगावं लागलं. ती म्हणाली, "मग म्या काय हितं एकटी म्हशी राखू व्हय? म्याबी येते." मी म्हणाले, तिथं येऊन करशील काय, तुला भाषा येत नाही. ती म्हणाली, "तुमी हायसा की." मग दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाली, "अक्का, ती पोरगी तुमचं नाव घेत न्हाय. तुमीच मागनं घालता, ते म्हाईत हाय मला. घालत जावा. मला बरं वाटतंय ऐकून." तेव्हा खोलीत खाटा दोन लागतील. ती ज्वारीचं पीठ घेऊन येईल, भाकरीची चिंता करू नकोस. खिडकीजवळची खाट मात्र माझी.